पातळ करणे म्हणजे पुनर्वापर नव्हे

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय खोल सागरी शोध मोहिमेची घोषणा झाली. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाने आपल्या समुद्रतळाकडे वळावे, यात वावगे काही नाही. मात्र या विहिरी खोदताना वापरल्या जाणाऱ्या द्रवाचे पुढे काय होते, हा प्रश्न ‘त्याचा पुनर्वापर होतो’ एवढ्या उत्तरावर मिटवला जातो. हे उत्तर अपुरे आहे.

उष्ण आणि पाण्याने फुगणाऱ्या शेलच्या थरांत पाण्याचा साधा मड अनेकदा टिकत नाही. तेथे इन्व्हर्ट इमल्शन वापरतात: तेलात विखुरलेले कॅल्शियम क्लोराइडच्या मिठवणीचे सूक्ष्म थेंब, त्यांना एकमेकांत मिसळू न देणारे पायसीकारक आणि घनता वाढवण्यासाठी बराइटची पूड. हा द्रव महाग असतो. म्हणून वर आलेला मड चाळण्यांतून व सेंट्रिफ्यूजमधून काढून पुन्हा विहिरीत, आणि पुढे दुसऱ्या विहिरीतही वापरला जातो. यालाच पुनर्वापर म्हणण्याची प्रथा आहे.

अडचण भौतिकशास्त्राची आहे. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा द्रवात खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५० मायक्रॉनच्या कणाच्या तुलनेत ५ मायक्रॉनचा कण शंभरपट सावकाश बसतो. प्रत्येक फेरीत खडकाचा चुरा अधिक बारीक होतो आणि यंत्रांच्या हातून निसटतो. तेवढ्याच आकारमानाच्या चुऱ्याचे पृष्ठफळ मात्र दसपट होते. ते पायसीकारक शोषून घेते, मड घट्ट होतो आणि पायस अस्थिर होऊ लागते.

यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे ताजा द्रव ओतून मड पातळ करणे. हिशेब साधा आहे. १०० घनमीटर मडमध्ये १० टक्के बारीक चुरा असेल, तर तो ५ टक्क्यांवर आणण्यासाठी आणखी १०० घनमीटर ताजा द्रव लागतो. चुऱ्याचा एक कणही बाहेर पडत नाही. दूषित द्रव मात्र दुप्पट होतो. कागदावर त्याची नोंद पुनर्वापर अशीच होते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००५ च्या केंद्रीय अधिसूचनेने डिझेलवर आधारित मड निषिद्ध ठरवला, समुद्रात सोडायच्या चुऱ्यावरील तेलाला किलोमागे १० ग्रॅमची मर्यादा घातली आणि मडचा कमाल पुनर्वापर करण्यास सांगितले. २०१६ च्या नियमांनी तेलयुक्त मड घातक कचऱ्याच्या यादीत ठेवला. परंतु ‘कमाल’ या शब्दाला आकड्याची जोड नाही. ज्याचे मोजमाप ठरलेले नाही, त्याचे पालन झाले असे कोणीही म्हणू शकतो.

खरा पुनर्वापर म्हणजे घटक वेगळे करणे. रसायनांनी बारीक कणांचे पुंजके बांधून ते काढता येतात. पायस फोडून तेल आणि मिठवणी विलग करता येतात. उष्णतेने चुऱ्यावरील तेल उडवून, थंड करून परत मिळवता येते. हे खर्चिक आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण खड्ड्यात साठवलेल्या तेलकट गाळाचाही खर्च असतोच. फक्त तो विहिरीच्या हिशेबात न येता शेजारच्या जमिनीच्या आणि भूजलाच्या माथी मारला जातो.

येथे बंदीची मागणी नाही. मागणी ताळेबंदाची आहे. प्रत्येक विहिरीत किती तेल, किती बराइट आणि किती मिठवणी गेली. किती परत मिळाली. किती खड्ड्यात वा समुद्रात गेली, हे चार आकडे जाहीर करणे बंधनकारक व्हावे. आयात वाचवण्यासाठी विहीर खोदणाऱ्या देशाने त्याच विहिरीपायी किती तेल मातीत घातले, हे सांगण्यास संकोच करू नये.