महिनाभर नुसतं पाणी

शंभर लिटरची काचेची टाकी. तळाला पांढरी वाळू, मध्ये चार सच्छिद्र दगड, पंपाने सतत हलणारं खारं पाणी आणि कोपऱ्यात जुन्या मोज्यात बांधून सोडलेली एक कच्ची कोळंबी. मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मासे कधी आणणार?" मुलं तर रोजच विचारतात.

नव्या रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळांसाठी मांडलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे, पहिले चार ते सहा आठवडे असेच दिसायला हवेत. पुष्कळ घरांत ते तसे दिसत नाहीत. टाकी शनिवारी येते, रविवारी तिच्यात निळे डॅमसेल आणि नारिंगी-पांढरे क्लाउनफिश पोहू लागतात. पुढच्या रविवारी त्यातला एखादा तळाशी आडवा होऊन जोरजोरात कल्ले हलवत असतो. "पाणी मानवलं नाही," असं म्हणून त्याच्या जागी दुसरा आणला जातो. पाणी मानवत नाही हे खरंच आहे, आणि ते का मानवत नाही हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळलेलं आहे. म्हणूनच हे मरण अक्षम्य वाटतं.

मासा त्याच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बाहेरच्या पाण्यातच अमोनिया साचला, की आतला बाहेर पडेनासा होतो. कल्ले लालबुंद होतात, श्वास धापांवर येतो, खाणं सुटतं. समुद्रात हे होत नाही, कारण तिथे पाणी अफाट आहे आणि अमोनिया खाऊन टाकणारे सूक्ष्मजीव प्रत्येक दगडावर, वाळूच्या प्रत्येक कणावर वस्तीला आहेत. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. या वस्तीतला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे दोन्ही गट टाकीत नीट रुजेपर्यंतच्या काळाला हॉबीवाले 'टँक सायकल करणं' म्हणतात.

गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं गप्पी आणि गोल्डफिश पाळलेला माणूस इथे हमखास फसतो. पाण्यातल्या सगळ्याच अमोनियाचा माशाला सारखा त्रास होत नाही. त्याचं एक रूप जहाल, दुसरं बरंच सौम्य. सात पीएचच्या गोड्या पाण्यात जहाल रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे तो सहा-सात टक्क्यांवर जातो. म्हणजे गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई खाऱ्या पाण्यात दहापटीने अंगाशी येते. नायट्राइटचं मात्र उलट आहे. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे त्याचा मासळीवरचा मारा बराच बोथट होतो. त्यामुळे खाऱ्या टाकीत पहिली नजर अमोनियावर हवी.

ही सारी जिवाणूंची करामत आहे, हे सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये १८९० च्या सुमारास दाखवून दिलं, आणि तेही माती तपासून. आपल्या शेतकऱ्याला त्यातलं निम्मं आधीच ठाऊक होतं. ताजं शेण कोणी रोपाच्या बुडाशी घालत नाही, मुळं जळतात. ते खड्ड्यात कुजू देतात आणि मगच शेतात नेतात. नवी टाकी महिनाभर तशीच ठेवणं म्हणजे हेच मुरवणं आहे.

यातला एक शोध तर प्रत्येक टाकीवाल्याने भिंतीवर लावावा असा आहे. समुद्रात अमोनियाचा फडशा पाडणारे मोठे कामकरी कोण, हे बराच काळ नीटसं उमगलेलं नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय टाकीतल्या खडीतून संशोधकांनी एक सूक्ष्मजीव वेगळा काढला: नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो जिवाणूही नव्हता; आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला होता. त्याच्या कुळातले जीव जगभरच्या समुद्रांत मुबलक आहेत. समुद्राचं एवढं मोठं गुपित एका टाकीच्या तळाच्या खडीत सापडलं! जी खडी नवखा माणूस पहिल्याच महिन्यात 'घाण झाली' म्हणून नळाखाली खळखळून धुतो, तीच ही.

हे जीव सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी साधारण दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे. बाटलीत मिळणारे जिवाणू हे विरजण आहे. विरजणाने दही लवकर लागतं, पण त्याला दूध लागतं आणि ऊबही. इथलं दूध म्हणजे अमोनिया. मुदत उलटलेल्या किंवा मे महिन्यात दुकानाच्या उन्हातल्या फळीवर महिनाभर पडलेल्या बाटलीत विरजण मेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय बाटलीत नेमकं काय हवं, यावरही एकमत उशिरा झालं. नायट्राइट खाणारा जीव म्हणून पुस्तकं वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव देत आली. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतो, हे टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. मित्राच्या जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्याचाही फारसा उपयोग नाही. टाकीत हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत, चिकटून राहतात. मागायचंच तर मूठभर वाळू मागावी.

दूध कुठून आणायचं, याच्या तीन वाटा आहेत. पहिली मोज्यातली कोळंबी. ती सडते, अमोनिया सोडते, थोडा वास मारते आणि काम फत्ते करते. दुसरी वाट नवसागराची. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जी पांढरी पूड टाकतो, तीच ही, अमोनियम क्लोराइड; फक्त बाजारातली भेसळीची नको, प्रयोगशाळेच्या दर्जाची हवी. शंभर लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. त्याहून फार जास्त घालू नये; पाच मिलिग्रॅमच्या वर गेलं की हेच जीव मंदावतात.

तिसरी वाट मासा टाकून सायकल करण्याची. डॅमसेल चिवट असतो, स्वस्त असतो, म्हणून त्याला पहिल्यांदा विषात सोडायचं. जगला तर ठीक, मेला तरी अमोनिया मिळालाच. दहा रुपयांच्या कोळंबीने होणाऱ्या कामासाठी जिवंत प्राणी वापरायचा, याला क्रूरता हा एकच शब्द आहे. समुद्री शोभिवंत माशांतले बहुसंख्य आजही जंगली असतात, म्हणजे प्रवाळभित्तींवरून पकडून आणलेले. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून त्यांना गुंगवून पकडलं जातं. एवढं सोसून, हजारो किलोमीटर पिशवीत प्रवास करून आलेला जीव आपल्या दिवाणखान्यात केवळ पाण्याची चव घ्यायला सोडायचा?

खात्री करण्याची रीत अगदी सोपी आहे. काचेच्या नळीत टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पांढऱ्या कागदासमोर धरली की पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही. हिरवट झाक म्हणजे आहे. पहिल्या आठवड्यात गडद हिरवा, दुसऱ्या-तिसऱ्यात पोपटी, आणि मग एका सकाळी लिंबासारखा पिवळाधमक. त्या वेळी नायट्राइटची नळी जांभळी असते. तीही निळी झाली, की पुन्हा एकदा नवसागराचा तोच डोस द्यायचा. चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलायचं आणि एखादाच मासा आणायचा. हा रंगबदल वहीत रोज तारखेसह टिपणाऱ्या मुलाला जे रसायनशास्त्र समजेल, ते शाळेच्या प्रयोगवहीतून समजणं अवघड आहे.

बाकीची तयारीही याच रिकाम्या महिन्यात होते. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं, म्हणून त्यासाठीचं तयार मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घ्यावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, म्हणून आरओचं पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असला, तरी मुंबईच्या किनाऱ्याचं सांडपाणीमिश्रित पाणी नको. तापमान २५-२६ अंश. हे आपल्याकडे सर्वांत महाग पडतं, कारण एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय ते राखता येत नाही. चिलरचा खर्च झेपणार नसेल, तर तेही याच महिन्यात कळतं आणि एकही जीव न गमावता माघार घेता येते. महिन्याच्या शेवटी दगडांवर तपकिरी शेवाळ चढतं, मग हिरवं. टाकी बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. तो सगळ्याच नव्या टाक्यांचा भोग आहे.

दगडांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवून केवळ हवेच्या बुडबुड्यांवर मासे कसे जगवता येतात, हे लिहिलं आणि 'लाइव्ह रॉक'ची पद्धत जगभर पोचली. असा दगड मुळात प्रवाळाचा सांगाडा असतो आणि त्यावर सूक्ष्मजीवांची वस्ती आयती मिळते. त्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण भारतात सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मालवणला सिंधुदुर्गाच्या पाण्यात डोकं बुडवून जे प्रवाळ पर्यटक पाहतात ते याच संरक्षणाखाली येतात; कान्होजी आंग्रे यांचं नाव धारण करणाऱ्या, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत बुडालेल्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहेत. मुंबईत किनारी रस्त्यासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या. सरकारी प्रकल्पाला जिथे एवढे सोपस्कार, तिथे पिशवीतून 'समुद्रातला ओरिजिनल दगड' देणाऱ्याकडून तो घेणं हा थेट गुन्हा आहे. कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड घ्यावेत. ते जिवंत व्हायला जास्त वेळ लागतो, एवढंच.

एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. लक्षद्वीपचे प्रवाळही त्या उन्हाळ्यात पांढरे पडले. अशा काळात रीफ टँकचा छंदच बंद करा, असं कोणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. उत्तर आहे. ज्या मुलाने क्लाउनफिशला सी ॲनिमोनच्या बोटांत झोपताना पाहिलं, त्याला आंग्रिया बँक ही नकाशावरची रेघ वाटणार नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास झालेली आहे. असे टाकीत जन्मलेले मासे मागितले, तर समुद्रावरचा भारही हलका होतो. पण हे उत्तर द्यायचा अधिकार महिनाभर थांबणाऱ्यालाच आहे.

कायद्याकडून इथे लगेच काही मिळेल, असं दिसत नाही. केंद्राने २०१७ मध्ये मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम आणले, त्यात १५८ प्रजातींची यादी होती. मच्छीमार आणि व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते त्याच वर्षी मागे घेतले गेले. यादी वादग्रस्त होती हे मान्य; पण तिच्याबरोबर दुकानांना शिस्त लावण्याचा प्रयत्नही गेला. आता उरतात दुकानाच्या फळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोघेच.

म्हणून दुकानदारांना एक विनंती. टाकी आणि मासे एकाच बिलावर देऊ नका. टाकीच्या बिलावर महिन्यानंतरची तारीख लिहा आणि गिऱ्हाइकाला सांगा, "तेव्हा या." आणि गिऱ्हाइकाने त्या तारखेला जाताना आपल्या टाकीचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून सोबत न्यावं. ते काउंटरवर तपासलं जावं, नळी पिवळी दिसावी, आणि मगच माशाची पिशवी बांधली जावी.