'ऑटो' म्हणजे रामभरोसे नव्हे!

बे एरियातल्या आपल्या काही मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम आहे. हवाईला जाऊन तीन-चार दिवसांत ओपन वॉटरचं कार्ड मिळवायचं, मनगटावर मस्त महागडा डाइव्ह कॉम्प्युटर बांधायचा आणि एखाद्या वीकेंडला गाडी काढून थेट लेक टाहो. एमराल्ड बेमध्ये बुडालेले जुने बार्ज आहेत, २०१८ पासून तिथे पाण्याखालची अधिकृत वाटही आहे. जा की, कोण नको म्हणतंय! पण "अरे, टाहो १,९०० मीटरवर आहे" असं म्हटलं की उत्तर तयार: "कॉम्प्युटर ऑटो ॲडजस्ट करतो रे. चिल!"

हे 'चिल' माझ्या डोक्यात जातं.

आणि बोलणारे कोण, तर दिवसभर ऑफिसात इनपुट व्हॅलिडेशन नाही म्हणून दुसऱ्याचा कोड अडवून धरणारे!

आधी हिशोब बघा. टाहोच्या काठावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ८० टक्के. समुद्रात १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. टाहोत तेवढ्याच खोलीवर ३.२ पट, तेही गोडं पाणी हलकं असतं हे धरून. वर येताना अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका या पटीवर अवलंबून असतो, नुसत्या मीटरवर नाही. म्हणजे टाहोतले १८ मीटर हे समुद्रातले २२ झाले. पॅडीच्या टेबलात १८ ला ५६ मिनिटं मिळतात, २२ ला ३७. एकोणीस मिनिटं गायब!

आता तुम्ही म्हणाल, हेच तर कॉम्प्युटर करतो ना? करतो. झुरिकच्या आल्बर्ट ब्युलमन यांनी उंचीचं गणित कधीच बसवून ठेवलंय (स्वित्झर्लंडला समुद्रच नाही, बुडी मारायची ती डोंगरातल्या तळ्यांत), आणि कितीतरी कॉम्प्युटरांत त्यांचंच मॉडेल चालतं. प्रश्न त्याला आपण काय खायला घालतो हा आहे. सगळे कॉम्प्युटर ऑटो नसतातच. सुंटोच्या झूपसारख्या मॉडेलात उंचीचा टप्पा हाताने निवडावा लागतो. आणि जे ऑटो असतात ते हवेचा दाब मोजतात कधी? पाण्याबाहेर. उडी मारल्यावर चालू झालेल्या यंत्राला तो मोजायची संधीच मिळत नाही. काठावरच चालू करून स्क्रीनवरची उंची वाचायला दहा सेकंद लागतात, पण तेवढा वेळ आहे कुणाला!

बरं, तुमचं शरीर? समुद्रसपाटीवरून वर आलात की अंगात तिथल्या मानाने जादा नायट्रोजन असतो. यूएस नेव्हीचं म्हणणं, १२ तास थांबा, नाहीतर तो आधीच्या डाइव्हचा समजून हिशोबात धरा. आपले लोक शुक्रवारी रात्री अकराला पोचतात आणि शनिवारी सकाळी आठला पाण्यात. नऊ तास. कपाटात पडलेल्या कॉम्प्युटरला हा प्रवास कळला असेल का, हे मॅन्युअल वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मॅन्युअल वाचलंय का? असो.

खरी गंमत परतीची. सगळे समजतात की टाहोहून घरी जाणं म्हणजे 'खाली उतरणं'. अहो, आधी चढायचं असतं! हायवे ५० घेतला तर एको समिट, सुमारे २,२५० मीटर. आय-८० घेतला तर डोनर समिट, २,२०० च्या आसपास. म्हणजे डाइव्ह संपवून ओले केस घेऊन गाडीत बसलात की तासाभरात तळ्यापेक्षा तीन-साडेतीनशे मीटर वर. कॉम्प्युटरवर विमानाचं चित्र दिसत असतं, तर म्हणे "आपण कुठे फ्लाय करतोय?" राव, नायट्रोजनला विमान आणि होंडा यांतला फरक कळत नाही. डॅनची १२ आणि १८ तासांची शिफारस ही समुद्रसपाटीवरच्या डाइव्हनंतरच्या विमानप्रवासासाठी आहे, घाटाला ती जशीच्या तशी लागू होत नाही हे मान्य. पण म्हणून शून्य तास?

डाइव्ह शनिवारी उरका. रविवारी काठावर लोळा, थालीपीठं खा, संध्याकाळी निघा. ट्रॅफिक तर तसाही लागणारच आहे.