दोन वाद्यांचा धनी

चित्रपटांतील गीतें आज मंठ्यासारख्या गांवींही घरोघर ऐकूं येतात. त्यांचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु चालीभोंवतीं गुंफलेला वाद्यमेळ कोणीं लिहिला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून फ्रँक फर्नांड ह्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटलें.

फर्नांड ह्यांचा जन्म १९१९ सालीं पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत, कुडचडें येथें झाला. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची जुनी प्रथा होती. फर्नांड ह्यांनीं व्हायोलिनच्या जोडीस ट्रंपेट हें फुंकून वाजविण्याचें पितळी वाद्यही साध्य केलें.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं निर्मिलेल्या जॅझ संगीताची त्या काळीं आपल्याकडील बड्या हॉटेलांत चलती होती. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि कित्येक गोमंतकीय वादकांनीं ती विद्या उचलली. ट्रंपेटनें फर्नांड ह्यांस ह्याच दुनियेंत प्रवेश मिळवून दिला. १९४६ सालीं मसुरीस महात्माजींची भेट झाली, आणि जॅझ हिंदी वळणानें वाजवितां येईल काय, हा विचार आपल्या मनांत बळावला, असें ते पुढें सांगत.

स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतील ही चहलपहल ओसरली. मुंबईंत दारूबंदीही आली. तेव्हां अनेक वादक चित्रपटसृष्टीकडे वळले. तेथें संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. पण पुष्कळशा वादकांनीं एकाच वेळीं काय वाजवावें, हें कागदावर उतरविल्याविना भागत नसे. अनिल विश्वास, रोशन ह्यांच्यासारख्यांचे सहायक म्हणून फर्नांड ह्यांनीं काम केलें. ट्रंपेटवाल्याचा दम कोठें संपतो आणि व्हायोलिनचा गज कोठें वळतो, हें ज्यानें स्वतः अनुभविलें आहे, त्यालाच दोघांसाठीं सारखें लिहितां येतें. एवढें असूनही अशा सहायकांचीं नांवें पडद्यावर बहुधा झळकत नसत.

पुढें त्यांनीं ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले, आणि मातृभाषेंत आपलें नांव स्वतःच्या हातांनीं कोरलें. २००७ सालीं ते निवर्तले.

हॉटेलांत वाजविणारा म्हणून नाक मुरडण्याची रीत आपल्या घरांतून अद्यापि पुरती गेलेली नाहीं. त्याच मंडळींच्या विद्येवर आपल्या आवडीचीं गाणीं उभीं आहेत. मुलांस पेटी-तबला शिकवितां एवढें तरी त्यांस सांगावें, ही आमची वाचकांस विनंती आहे.