कायदेभंग आणि नाफरमानी : एकाच शब्दाचे दोन अर्थ

पांढरकवडा : 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. माकपचे विनोद निकोले यांनी एकट्याने विरोध नोंदवला. आपल्या जिल्ह्याने ही तारीख नीट पाहावी. 95 वर्षांपूर्वी, 10 जुलै 1930 रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून उघडपणे कायदा मोडला होता. अकरा दिवसांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनीही तेच केले आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेतली. हे नाव आज सत्तेत रोज घेतले जाते, म्हणून आठवण करून दिली.

त्या कृतीला मराठीत शब्द मिळाला सविनय कायदेभंग. उर्दू वर्तमानपत्रांनी लिहिले सिव्हिल नाफरमानी. आपल्या घरात नाफरमानी म्हटले की अल्लाहची किंवा आईवडिलांची आज्ञा मोडणे, म्हणजे थेट गुनाह. त्यामुळे हा शब्द कानाला खटकतो हे आम्ही समजू शकतो. पण खरा मुद्दा 'सविनय' या शब्दात आहे. चोर लपून कायदा मोडतो आणि पळतो. सत्याग्रही आधी सांगून, दिवसाढवळ्या मोडतो आणि शिक्षेसाठी तिथेच उभा राहतो.

ही फक्त इंग्रजांच्या काळातली गोष्ट नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने मंजुरी नसलेले एचटीबीटी कापूस बियाणे जाहीरपणे पेरले. गुन्हे दाखल झाले, पण त्यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही. त्या बियाण्याच्या बाजूचे असोत की विरोधातले, केळापूर तालुक्यातल्या कापूस उत्पादकांना ते आंदोलन कशासाठी होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता विधेयकात बघा. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणे, तसा प्रचार करणे हेही येते. शिक्षा 7 वर्षांपर्यंत. नक्षलवाद रोखायचा आहे, असे सरकार म्हणते. मग हिंसा एवढाच शब्द पुरला असता. अवज्ञा म्हटले की बंदूकवाला आणि विळा घेऊन गवत कापणारा एकाच ओळीत बसतात, आणि कोणाला कुठे बसवायचे हे आधी सरकारच ठरवणार. सीएएच्या वेळी शांतपणे धरणे धरणाऱ्यांना काय काय म्हटले गेले, ते आपण ऐकलेच आहे.

संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती गेल्या. त्यानंतर उद्देशिकेत कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला. अवज्ञेचे कलम मात्र तसेच राहिले.