अफवेचे मूळ अविश्वासात

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांची हत्या केली. मृत हे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. दोष मोबाइलवरील संदेशांना दिला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. दुखणे मात्र त्याहून खोल आहे.

विषय महत्त्वाचा आणि माहिती संदिग्ध असली की अफवा फोफावते, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्येच मांडले होते. अपत्याच्या सुरक्षिततेहून महत्त्वाचा विषय कोणता? शंका विचारावी असे विश्वासाचे ठिकाण नसले, की अनोळखी वेशातील भटका सहज संशयित ठरतो.

संदेशांवर मर्यादा असतानाही १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हिंसेला बळी पडले, तेही पोलिसांसमक्ष. यंत्रणेवरचा विश्वास गावपातळीवर रुजविल्याखेरीज केवळ तांत्रिक उपायांनी हे थांबणार नाही, हाच याचा अर्थ.