डॉक्टर थकले तरी दवाखाना चालावा

गावात दवाखाना म्हणजे डॉक्टर, असेच आपण धरून चालतो. डॉक्टर थकले किंवा वारले की पाटी उतरते, गाळा दुसऱ्याला भाड्याने जातो आणि वीस-वीस वर्षांचे पेशंट उघड्यावर पडतात. आमच्या नांदूरघाट भागाला हे परवडणारे नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेला मधुमेहाचा पेशंट काही महिन्यांनी परततो. त्याची साखर आधी किती होती, कोणती गोळी सोसली नाही, हे सांगणारा कागद कोठेतरी हवा. ते नुसते डॉक्टरच्या डोक्यात असून भागत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, खाजगी डॉक्टरांनी एकेकट्याने दुकान मांडण्यापेक्षा दोघा-तिघांनी भागीदारीत दवाखाना चालवावा. एक रजेवर गेला तरी दुसरा हजर राहतो, ईसीजी मशीनचा खर्च वाटला जातो आणि नव्या डॉक्टरला कर्ज काढून इमारत बांधावी लागत नाही.

मात्र ‘आपण भावासारखे, लिहायचे कशाला?’ हे चालणार नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे काही ठरलेले नसेल तर नफा-तोटा समसमान वाटला जातो. मग रात्री-अपरात्री उठणारा आणि फक्त सकाळी बसणारा, दोघांचा हिस्सा सारखाच! भागीदार वारला आणि करारात तरतूद नसली, तर भागीदारी मोडते. दोघांचीच असेल तर तरतूद करूनही टिकत नाही. म्हणून तिघे बरे. जागा कोणाची, बाहेर पडणाऱ्याला काय द्यायचे, पेशंटचे कागद कोणी सांभाळायचे, हे सारे आधीच स्टॅम्पपेपरवर लिहावे.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. मेडिकलवाला, लॅबवाला किंवा पैसेवाला पुढारी यांना भागीदार करू नये. ज्याचा पैसा अडकला, त्याचा डोळा चिठ्ठीवर राहणारच. पेशंट पाठविल्याबद्दल कमिशन घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे. तेच कमिशन हिश्श्याच्या नावाने घेतले म्हणून पवित्र होत नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा तीत आलेल्या फॅमिली डॉक्टरांना प्रॅक्टिसचे गुडविल विकण्यास बंदी झाली. पेशंट ही विकायची वस्तू नव्हे, हे आपणही मानावे.

वाचकहो, पुढच्या खेपेला आपल्या डॉक्टरांना न संकोचता विचारा, ‘तुम्ही नसाल तेव्हा माझे कागद कोण पाहील?’ या प्रश्नाने आम्हा डॉक्टरांना राग येता कामा नये.