टॉवर गावात, रेंज डोंगराआड

सह्याद्रीच्या पट्ट्यात एक तक्रार नेहमी कानी येते. टॉवर उभा आहे, मोबाइलवर रेंजच्या कांड्याही दिसतात. पण रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही अन् ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही. दोष दर वेळी मोबाइलचा नसतो. बऱ्याचदा गावचा टॉवर तालुक्याला जोडणारा दुवाच कच्चा असतो. जिथे फायबर पोचत नाही तिथे हा दुवा मायक्रोवेव्हचा, म्हणजे टॉवरवर दिसणाऱ्या त्या ढोलासारख्या अँटेनांचा.

या लहरींना समोरचा टॉवर नुसता दिसून भागत नाही. अंतर २० किलोमीटर आणि लहरी ७ गिगाहर्ट्झच्या धरल्या, तर मधोमध त्या रेषेभोवती साधारण १५ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो. त्यातला ६० टक्के, म्हणजे ९ मीटर तरी मोकळा हवा. वर पृथ्वीचा फुगवटा सुमारे ६ मीटर. हा हिशेब आता संगणक करतो. दोन जागांचे अक्षांश-रेखांश आणि अँटेनांची उंची दिली की मधल्या जमिनीचा उभा छेद पडद्यावर येतो.

मेख पुढेच आहे. अशा प्रोग्रॅममध्ये जमिनीची उंची बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने केलेल्या मोजणीतून घेतलेली असते. तीस-तीस मीटरच्या चौकटीला एकच आकडा! अरुंद कड्याचा माथा त्यात बुटका होतो, आणि नंतर वाढलेली निलगिरी तर त्याला ठाऊकच नाही. कार्यालयात बसून 'ओके' झालेला दुवा जागेवर म्हणूनच अडतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर आला की जागेचा प्रश्न आलाच, आणि आपल्याकडे ग्रामसभा द्यायची ती कुणाच्या कामाची नसलेली, खळग्यातली पडीक जागा देते. खळगा १५ मीटरचा असला तर ४० मीटरच्या टॉवरची उंची २५ वरच आली. मग मध्ये डोंगरावर दुसरा टॉवर, त्याला वेगळी वीज, बॅटऱ्या. डोंगर वनखात्याचा असला तर परवानगीचे हेलपाटे.

तेव्हा ठराव घेण्याआधी सरपंच, ग्रामसेवकांनी हा छेद मागून घ्यावा. मध्ये झाडे किती उंच धरलीत, हे विचारावे. ते तर गावातच तपासता येते: मीटरभर काठी उभी करा, तिची सावली मोजा, लगेच झाडाची मोजा. झाडाची सावली काठीच्या सावलीच्या जितक्या पट, तितके मीटर झाड.